नऊ सांगितली, आठ वाचली

रविवारी सकाळी बाबा आरशापुढे उभे राहून तीन वेळा घसा खाकरायचे आणि खालच्या मजल्यावरून आई म्हणायची, "झालं, स्टेशन लागलं." आठवडाभर पाण्याच्या पंपांची ड्रॉइंग्ज तपासणारा हा माणूस रविवारी अकरा ते बारा शिकागोजवळच्या मराठी माणसांचा आवाज असायचा. एका लहानशा रेडिओ स्टेशनवर त्यांनी एक तास भाड्याने घेतला होता. आमच्या आधी एका पोलिश बाईंचा अ‍ॅकॉर्डियनचा कार्यक्रम असे, आमच्यानंतर स्पॅनिशमधलं प्रवचन, आणि मधला तास आमचा. स्टुडिओ एका लाँड्रीच्या वर होता. त्यामुळे माझ्या आठवणीतल्या सगळ्या मराठी गाण्यांना गरम साबणाचा वास येतो. आजही ड्रायरमधून चादरी काढताना एखादी ओळ आपोआप तोंडात येते आणि माझी मुलगी "ममा, यू आर हमिंग अगेन" म्हणून हसते.

निघण्यापूर्वीचं खाणं ठरलेलं होतं. बाबांसाठी मऊ उपमा, कारण कुरकुरीत काही खाल्लं की त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आवाजाला खरखर लागते. मला काहीही चाले, कारण माझ्या आवाजाची काळजी करावी इतकी मी मोठी नव्हते. मी सतरा वर्षांची होते. नवव्या वर्षी इथे आल्यामुळे माझं मराठी शाबूत राहिलं होतं, आणि बाबांना त्याचा अभिमान होता. तसं ते तोंडावर कधी म्हणाले नाहीत, पण मला गाडीत घालून न्यायचे. फर्माइशींचे फोन घ्यायचे, चिठ्ठ्या लिहायच्या, लग्नाच्या वाढदिवसांची नावं वाचायची, ही माझी कामं होती. अमक्या काकाकाकूंना पंचविसाव्याबद्दल शुभेच्छा, तमक्या दुकानात हापूसचा रस आला आहे, साड्यांचा सेल शनिवारपर्यंत वाढवला आहे, अशा सगळ्या गोष्टी आम्ही एकाच गंभीर सुरात सांगत असू.

त्या उन्हाळ्यात कारगिलचं युद्ध सुरू झालं आणि आमचा तास बदलला. बाबा शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर मागे थांबून भारतातल्या वर्तमानपत्रांची पानं इंटरनेटवर उघडायचे, आठवड्यात गेलेल्या सैनिकांची जी नावं हाती येतील ती उतरवून घ्यायचे आणि घरी येऊन मोत्यासारख्या अक्षरात देवनागरीत लिहून काढायचे. इंग्रजी स्पेलिंगवरून नाव नीट लागेना तर चार घरी फोन करून विचारायचे. मेलेल्या माणसाचं नाव चुकीचं उच्चारणं त्यांना पाप वाटे. त्यांचा एक नियम होता, आकडा आधी, नावं नंतर. "ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे, किती वेळ उभं राहायचंय," ते म्हणत. लोक खरोखर उभे राहत. कुणी ओट्यापाशी, कुणी गॅरेजमध्ये. आणि ती नावं मी वाचत असे, उभी राहून. आईला ते बिलकूल पसंत नव्हतं. "सतरा वर्षांच्या पोरीच्या तोंडी ही कामं कशाला देताय?" ती विचारायची. बाबा म्हणायचे, "तिची वाणी शुद्ध आहे." पहिल्या दोन रविवारी मला रडू आलं. तिसऱ्या रविवारी आलं नाही, आणि मी त्यालाच जास्त घाबरले.

खटावकर मावशी त्याच उन्हाळ्यात कऱ्हाडहून आल्या होत्या. आमच्याकडे दर उन्हाळ्यात अशा आया यायच्या, मुलीच्या बाळंतपणाला. बॅगांमध्ये डिंक, अळीव, मेतकूट, बाळंतविडा, आणि दुसऱ्या दिवसापासून साडीवर जावयाने घेऊन दिलेले पांढरे स्नीकर्स घालून तळ्याभोवती फिरायला हजर. मावशींची मुलगी शीतलताई आमच्यापासून दोन सिग्नल पलीकडे राहायची. तिला आठवा महिना होता, बीपी वाढलेलं होतं, आणि डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठायला मनाई केली होती. मावशींचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा यशोधन सैन्यात कॅप्टन होता, आणि त्या उन्हाळ्यात तो कुठे होता हे सगळ्यांना माहीत होतं. मावशी त्याच्याबद्दल फार बोलत नसत. पस्तीस वर्षं त्या शाळेत शिक्षिका होत्या, आणि कुणी सहानुभूती दाखवायला लागलं की वर्गात बडबड करणाऱ्या पोराकडे पाहावं तशा बघत. मला मात्र त्यांचा लळा लागला होता. आईबरोबर त्यांच्याकडे गेले की त्या मला ओट्यापाशी बोलावून रव्याचा लाडू वळायला लावत आणि माझा लाडू फुटला की म्हणत, "राहू दे, तो मी खाईन."

रविवारी अकरा वाजता त्या रेडिओपाशी बसतात, हे शीतलताईनेच सांगितलं होतं. गाण्यांसाठी नाही, यादीसाठी. नावं सुरू झाली की एकेका नावाला एकेक बोट मिटायच्या. शेवटचं नाव झालं की रेडिओ बंद करायच्या, आणि मग पुढचा रविवार येईपर्यंत त्यांचं मूल जिवंत असायचं. हा हिशेब त्यांनी स्वतःशी केलेला होता.

त्या आठवड्यात यशोधनचं नाव आलं. बाबांनी ते शुक्रवारी ऑफिसात पाहिलं. घरी आले ते सरळ जिन्यावर बसले, बुटांसकट. मग उठून त्यांनी नेहमीप्रमाणे यादी लिहिली, त्याचं नाव सातवं. त्यांना वाटलं होतं, रविवारपर्यंत घरातले मावशींना सांगतील. पण शनिवारी दुपारी शीतलताईचा नवरा मिलिंददादा आमच्याकडे आला. हिरवळीवर पाण्याचा फवारा चालू होता, आणि तो वळून न जाता त्यातूनच चालत आला. त्याला कऱ्हाडहून मावशींच्या दिरांचा फोन आला होता. दोन्हीकडे ठरलं होतं की बाळंतपण होईपर्यंत सांगायचं नाही, मावशींना नाही आणि शीतललाही नाही.

"सोमवारी गावात आणणार आहेत," तो म्हणाला. "आता फ्लाइट बुक केली तरी आई पोचणार नाहीत. दर्शन मिळणारच नाही, तर मग सांगून काय होणार? आणि आईंना कळलं की शीतलला पाच मिनिटांत कळणार. डॉक्टरांनी क्लिअरली सांगितलंय, स्ट्रेस नको. काका, मी घरातलं इंटरनेट बंद करून ठेवलंय, फोन मीच घेतोय. फक्त तुमचा प्रोग्रॅम उरलाय."

"मग उद्याचा कॅन्सल करतो," बाबा म्हणाले.

"नको ना. प्रोग्रॅम लागला नाही तर त्यांना लगेच डाउट येईल. तुम्ही फक्त ते एक नाव वाचू नका."

आई ओट्यापाशी चहा गाळत होती. ती न वळता म्हणाली, "ज्या बाईचा मुलगा, तिला सोडून अख्ख्या गावाला माहीत. हे मला पटत नाही हो."

"काकू, माझ्या जागी तुम्ही असता तर?" मिलिंददादाने विचारलं. त्याचा आवाज फाटला होता आणि शर्ट ओला होता. आईने त्याच्यापुढे चहा ठेवला. आज मी स्वतः दोन मुलांची आई आहे आणि त्याच्या जागी मी काय केलं असतं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तेव्हा मात्र मला त्याचा राग आला, आणि बाबांचा त्याहून जास्त, कारण बाबांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि सातव्या नावावर रेघ मारली. पट्टी घेऊन, सरळ.

संध्याकाळी त्यांनी माझ्याकडून तालीम करून घेतली. सहाव्या नावावरून आठव्यावर जाताना श्वास अडकू नये म्हणून दोनदा, तीनदा. तीनही वेळा आम्ही नावांचंच पान घेऊन बसलो होतो. सुरुवातीचं निवेदन वेगळ्या कागदावर होतं, शुक्रवारीच लिहून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातलेलं. ते आम्हा दोघांपैकी कुणीही बाहेर काढलं नाही.

रविवारी स्टुडिओत पोलिश बाई नेहमीप्रमाणे मला खसखस भरलेल्या केकच्या वळकटीचा तुकडा देऊन गेल्या. तो मी टिश्यूत गुंडाळून ठेवला. पहिली तीन गाणी झाली, हापूसचा रस झाला. मग बाबांनी संतूरची धून हळू केली, लाल दिवा लागला आणि मी उभी राहिले. फोल्डरमधलं पान समोर होतं. मी वाचलं, "या आठवड्यात आमच्या हाती आलेली नावं नऊ. त्या नऊ जवानांना आपण उभं राहून आदरांजली वाहू या." मग दुसरं पान घेतलं आणि नावं वाचली. सहाव्यावरून आठव्यावर गेले, श्वास अडकला नाही. काचेपलीकडे बाबांनी डोळे मिटून मान हलवली. छान झालं, असा त्याचा अर्थ होता. काय झालंय हे आम्हाला दोघांनाही कळलं नव्हतं. सवयीचं तोंड सवयीचं वाचून गेलं होतं.

पुढचं गाणं लावून मी बाहेरच्या फोनपाशी गेले. फोन वाजतच होता.

"मुक्ता ना? मी शीतलची आई." आवाज अगदी रोजचा होता. "अगं, तू नऊ म्हणालीस."

"हो मावशी."

"वाचलीस आठ."

त्या क्षणी मला फोल्डर दिसला. त्यातलं निवेदन शुक्रवारचं होतं. "आकडा चुकला मावशी," मी म्हणाले.

"पस्तीस वर्षं हजेरी घेतलीय मी. तुझे बाबा आकडा चुकणारे नाहीत." त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली आणि मागून शीतलताईने विचारलं, "आई, कोणाचा गं फोन?" मावशी तोंड बाजूला करून म्हणाल्या, "मीच लावलाय. गाण्याची फर्माइश देतेय." मग पुन्हा फोनमध्ये, खालच्या आवाजात, "मी विचारते तेवढ्याचंच उत्तर दे. राहिलेलं नाव खटावकर आहे का?"

मला नाही म्हणता आलं असतं. मिलिंददादाने, बाबांनी, कऱ्हाडच्या काकांनी माझ्या वतीने ते आधीच म्हणून ठेवलं होतं. पण त्यांच्यापैकी कुणालाही त्या बाईने स्वतः विचारलेलं नव्हतं, मला विचारलं होतं.

"हो," मी म्हणाले.

त्यांनी गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, "पुढे कॅप्टन लिहिलंय ना?"

"हो. कॅप्टन यशोधन खटावकर."

"बरं. मिलिंदला माहीत असणार. म्हणूनच दोन दिवस माझ्याकडे बघत नाहीये." मग म्हणाल्या, "हे बघ, मला कळलंय हे कुणाला सांगायचं नाही. तुझ्या बाबांनाही नाही. शीतलचं सुखरूप होईपर्यंत नाही. सांगशील?"

"नाही सांगणार."

"आणि फर्माइश लिहून घे. शीतल ऐकतेय. जरा आनंदाचं काहीतरी लावा."

मी चिठ्ठी लिहिली. अक्षर माझंच होतं पण मला ओळखू आलं नाही. बाबांनी ती वाचली आणि त्यांचा चेहरा सैल झाला. दहा मिनिटांनी सबंध शिकागोच्या परिसरातल्या मराठी माणसांना त्यांनी सांगितलं, "आणि आता नेपरव्हिलहून खटावकर मावशींची खास फर्माइश." माईक बंद करून ते मला म्हणाले, "ऐकलं त्यांनी. निभावलं बाई." मी टिश्यूतली वळकटी लाँड्रीच्या जिन्याखाली टाकून दिली. घरी जाताना गाडीत चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं. प्रत्येक सिग्नलला वाटे, बाबा आता विचारतील. ते आकड्याबद्दल काहीच बोलले नाहीत. त्यांच्या लक्षातच आलेलं नव्हतं. गावातल्या कुणाच्याही आलं नव्हतं, कारण बाकीचे सगळे उभे होते आणि मोजत कुणीच नव्हतं.

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब दिवस आहेत. आई डबा घेऊन त्यांच्याकडे जायची, मला न्यायची, आणि गाडीत बजावायची, "चेहरा नीट ठेव हं, त्यांना काही माहीत नाही." तिकडे मिलिंददादा वर्तमानपत्राची पुरवणी सोफ्याखाली सरकवायचा, फोन वाजला की धावायचा. आणि मावशी डिंक तळत असायच्या, खोबरं किसत असायच्या, बाळाची दुपटी शिवत असायच्या. सगळं घर त्यांच्यापासून लपवत होतं आणि त्या सगळ्या घरापासून. माझ्याकडे त्यांनी एकदाही वेगळ्या नजरेने बघितलं नाही. फक्त लाडू वळायला बोलावणं बंद झालं. ते लाडू त्या एकट्याने वळायच्या, स्वयंपाकघराचं दार लोटून. शीतलताई पलंगावरून हाक मारायची, "आई, एसी लाव ना, घामाने डोळे लाल झालेत तुझे." त्या लावायच्या.

एका शुक्रवारी त्यांनी पुरणपोळ्या केल्या. आमच्याकडेही डबा आला, तुपाची वाटी वेगळी. "आज काय विशेष?" आईने विचारलं तर मिलिंददादा म्हणाला, "काही नाही, आईंना वाटलं केल्या." बाबांनी तीन खाल्ल्या आणि फोन करून दाद दिली, अशी पोळी कऱ्हाडच्याच हाताला जमते म्हणून. मीही दोन खाल्ल्या. आईचे डोळे भरून आले, ती म्हणाली, "बिचारीला कल्पनाही नाही, आणि गोडाधोडाचं करतेय." त्याच्या पुढच्या मंगळवारी शीतलताई बाळंत झाली. मुलगी, दोघी सुखरूप.

सांगायचं ठरलं ते शनिवारी. मिलिंददादाने आम्हाला आधाराला बोलावलं. शीतलताई बाळाला घेऊन वर झोपली होती. तिला तो त्याच रात्री सांगणार होता. आई मावशींच्या शेजारी बसली आणि तिने त्यांचा हात हातात घेतला. मिलिंददादा समोर गुडघ्यांवर बसला. "आई, एक वाईट बातमी आहे," इतकंच तो म्हणू शकला.

"मला माहिती आहे," मावशी म्हणाल्या. "मला कळलं त्या रविवारपासून मी दिवस धरले. तेरा होतात त्या शुक्रवारी गोड केलं होतं. तुम्ही सगळे जेवलात."

बाबांनी तोंडावर हात ठेवला. ते काय आठवत होते ते मला कळलं, कारण मलाही तेच आठवत होतं. तेराव्याचं गोड खाऊन त्यांनी फोनवर दाद दिली होती. मिलिंददादा जमिनीवर डोकं टेकून रडायला लागला. मावशींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तशाच बसून राहिल्या. "तुझं चुकलं असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "शीतलकडे बघून मीही हेच केलं असतं. पण मला विचारायचं होतंत. माझा होता तो." मग त्या बाबांकडे वळल्या. "तुम्ही नऊ सांगितलीत आणि आठ वाचलीत. ते दुरुस्त करा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. सगळा घोटाळा त्यांना तेव्हा उलगडला, आकडा, फोन, फर्माइशीची चिठ्ठी. मला वाटलं, आता घरी गेल्यावर माझी धडगत नाही. गाडीत ते एवढंच म्हणाले, "मला विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो." पुढे कधीही त्यांनी तो विषय काढला नाही. बाबा गेल्यावर तळघरातल्या खोक्यात मला ते पान सापडलं. लाल रेघेखालचं नाव अजून स्वच्छ वाचता येतं. त्यांनी ते फेकलं नव्हतं, आणि मीही फेकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी आमच्याबरोबर स्टुडिओत आल्या. पांढऱ्या स्नीकर्सनी लाँड्रीचा जिना चढल्या, पोलिश बाईंना नमस्कार केला. बाबांनी रात्री नवं निवेदन लिहिलं होतं आणि या खेपेला दोन्ही पानं माझ्याकडून चार वेळा वाचून घेतली होती. लाल दिवा लागला. मी उभी राहिले, मावशी माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. त्या आठवड्याची नावं दोन होती. ती वाचल्यावर मी पुढचं वाचलं, "मागे एका रविवारी आम्ही नऊ नावं सांगितली आणि आठ वाचली. एक नाव आम्ही वगळलं होतं. आम्ही त्याबद्दल क्षमा मागतो. यशोधन खटावकर."

मावशींचं बोट कागदावर आलं. नावाच्या आधीच्या शब्दावर त्यांनी ते दोनदा टेकवलं. घाईत माझ्याकडून तो शब्द सुटला होता. मी पुन्हा वाचलं, "कॅप्टन यशोधन खटावकर."

"आता जुळलं," मावशी म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आमच्या देखत, माईकपुढे, त्या मोठ्याने रडल्या. काचेपलीकडे बाबांचा हात बटणावर होता. साड्यांची जाहिरात तयार होती, ते फक्त दाबायचं होतं. त्यांनी हात काढून घेतला आणि ते उभे राहिले.